पुस्तक, परीक्षा आणि बेडूक

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विद्यार्थी दर वर्षी भेटतो. गाव लहान, शहरातल्या शिकवणी-वर्गाची फी घरच्यांना न परवडणारी आणि कॉलेजातल्या प्रयोगशाळेचे कुलूप महिन्यातून एखाद-दोनदा उघडणारे. एक जाडजूड पुस्तक, गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि भिंतीवर चिकटवलेले वेळापत्रक एवढ्या भांडवलावर हा मुलगा किंवा ही मुलगी अभ्यासाला बसते. वैद्यकीय प्रवेशासाठी झालेल्या २०२५ सालच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे होते. तेव्हा या अभ्यासावर काय काय अवलंबून असते ते शिक्षकांना वेगळे सांगायला नको. हीच मुले मग विचारतात, “सर, एकट्याने वाचून जमेल का?”

या प्रश्नाला घाईने उत्तर देण्यापूर्वी आपण थोडे मागे जाऊ. सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडात कापडदुकानातल्या एका उमेदवाराने हाच मार्ग धरला होता. त्याचे नाव हर्बर्ट जॉर्ज वेल्स. ‘टाइम मशीन’ आणि ‘अदृश्य माणूस’ या कथांचा लेखक म्हणून तो आपल्या परिचयाचा आहे. पण येथे आम्हांला लेखक वेल्सबद्दल फारसे सांगायचे नाही. विज्ञानाची परीक्षा त्याने तीन बाजूंनी पाहिली: आधी एकट्याने वाचणारा परीक्षार्थी म्हणून, मग प्रयोगशाळेतला विद्यार्थी म्हणून आणि शेवटी एकट्याने वाचणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिणारा शिक्षक म्हणून. या तिन्ही जागा एकाच माणसाच्या वाट्याला क्वचितच येतात. म्हणून त्याची हकीकत शिक्षकांनी जाणून घेण्यासारखी आहे.

निकालावर पैसे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंड कारखानदारीत जगाच्या पुढे होते, परंतु तेथील शाळांत विज्ञानाला जवळजवळ जागा नव्हती. लंडनच्या १८५१ च्या जागतिक प्रदर्शनानंतर ही उणीव राज्यकर्त्यांना बोचू लागली. १८५३ साली सरकारने ‘विज्ञान व कला विभाग’ नावाचे खाते काढले. या खात्यापाशी शाळा नव्हत्या आणि विज्ञान शिकवू शकणारे शिक्षकही नव्हते. तेव्हा त्याने एक सोपी युक्ती काढली. १८५९ पासून खात्याने परीक्षा व अनुदान यांची सांगड घातली. लंडनहून छापील प्रश्नपत्रिका देशभर जात, मे महिन्यात परीक्षा होई आणि उत्तरपत्रिका तपासायला परत लंडनला येत. ज्या शिक्षकाचे विद्यार्थी उत्तीर्ण होत त्याला दर विद्यार्थ्यामागे ठरावीक रक्कम मिळे. श्रेणी जितकी वरची, तितकी रक्कम जास्त.

या पद्धतीचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही आपल्याला ओळखीचे वाटतील. एक म्हणजे विज्ञान गावोगाव पोचले. ज्या गावात कोणी शरीरक्रियाशास्त्राचे नाव ऐकले नव्हते तेथे संध्याकाळचे वर्ग सुरू झाले, कारण वर्ग चालवण्यात शिक्षकाला चार पैसे मिळत. दुसरा परिणाम असा, की जे लेखी उत्तरात मांडता येते तेवढेच विज्ञान पोचले. शिक्षकाला पैसे मिळत ते उत्तरपत्रिकेवरून. विद्यार्थ्याने बेडूक पाहिला की नाही याची चौकशी करणारे कोणी नव्हते. पुस्तक पाठ करून घेतले तरी रक्कम तीच मिळत असेल, तर वर्गात उपकरणे आणण्याचा खर्च कोण करील?

मिडहर्स्टचा एकुलता एक विद्यार्थी

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी केंट परगण्यातील ब्रॉमली गावी झाला. वडील जोसेफ हे भांड्यांचे छोटे दुकान चालवत व पैसे घेऊन क्रिकेट खेळत. दुकान कधी नीट चालले नाही. पुढे वडिलांचा पाय मोडला, क्रिकेटची मिळकत गेली आणि आई अपपार्क नावाच्या एका जमीनदारी वाड्यात घरव्यवस्थापक म्हणून नोकरीला राहिली. मुलांनी कापडदुकानात उमेदवारी करावी, म्हणजे त्यांच्या पोटापाण्याची सोय होईल, असे आईचे मत होते. १८८१ ते १८८३ अशी दोन वर्षे हर्बर्टने साउथसी येथील दुकानात काढली. सकाळपासून रात्रीपर्यंत गठ्ठे उलगडायचे, घड्या घालायच्या आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर एका खोलीत झोपायचे. एका रविवारी सकाळी तो उठला, सतरा मैल म्हणजे सुमारे सत्तावीस किलोमीटर चालत अपपार्कला गेला आणि ‘मी दुकानात राहणार नाही’ असे त्याने आईला सांगितले.

मिडहर्स्ट येथील ग्रामर स्कूलचे मुख्याध्यापक होरेस बायट त्याला आधीपासून ओळखत होते. मध्यंतरी थोडे दिवस तो त्या गावी औषधांच्या दुकानात कामाला होता, तेव्हा त्याने त्यांच्याकडे लॅटिनचे धडे घेतले होते. मुलगा किती झपाट्याने शिकतो हे बायट यांनी तेव्हाच हेरले होते. १८८३ साली त्यांनी त्याला विद्यार्थी-शिक्षक म्हणून ठेवून घेतले. दिवसा लहान मुलांना शिकवायचे आणि संध्याकाळी स्वतः शिकायचे.

हे संध्याकाळचे शिकणे मोठे गमतीचे होते. विज्ञान व कला विभागाच्या अनुदानासाठी बायट यांनी अनेक विषयांचे वर्ग कागदोपत्री सुरू केले. त्या वर्गांत विद्यार्थी एकच, तो म्हणजे वेल्स. शिक्षक टेबलापाशी बसून आपला पत्रव्यवहार उरकत आणि विद्यार्थी समोर बसून पाठ्यपुस्तक वाची. नाव वर्गाचे, पण प्रत्यक्षात तो स्वयंअध्ययनच होता. वेल्सने भराभर पुस्तके संपवली, मे १८८४ च्या परीक्षांना तो बसला आणि इतक्या विषयांत वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झाला की खात्याचे लक्ष त्याच्याकडे गेले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील ‘नॉर्मल स्कूल ऑफ सायन्स’मध्ये विनाशुल्क प्रवेश आणि आठवड्याला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, निर्वाहखर्च अशी शिष्यवृत्ती त्याला देऊ करण्यात आली.

येथे जरा थांबायला हवे. पाठांतराला उत्तेजन देणारी परीक्षा म्हणून त्या काळी व नंतरही या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली आणि ती खरीच होती. परंतु कापडदुकानातल्या मुलाला दुकानातून बाहेर काढले ते याच परीक्षेने. त्याची ओळख नव्हती, घराणे नव्हते, पैसा नव्हता. लंडनमधल्या परीक्षकापुढे त्याची फक्त उत्तरपत्रिका होती. परीक्षांवर टीका करताना आपण शिक्षक पुष्कळदा ही बाजू विसरतो. ज्याच्याजवळ दुसरे काहीच नसते, त्याला तपासणाऱ्याला न दिसणारा चेहरा हाच मोठा आधार असतो.

हक्सले यांची प्रयोगशाळा

‘नॉर्मल स्कूल’ म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा. आपल्याकडेही जुन्या काळी अध्यापकांच्या शाळेला हाच शब्द होता. साउथ केन्सिंग्टनच्या या संस्थेचे प्रमुख होते टॉमस हेन्री हक्सले. डार्विनच्या उत्क्रांतिवादाचे कैवारी म्हणून ते प्रसिद्ध आहेत, पण जीवशास्त्र शिकवण्याची पद्धत बदलणारे शिक्षक म्हणून त्यांचे काम तितकेच मोठे आहे.

पुस्तके वाचून प्राणिशास्त्राची प्रमाणपत्रे मिळवलेले शिक्षक हक्सले यांनी परीक्षक या नात्याने पाहिले होते. या शिक्षकांना उत्तरे येत, पण प्राणी ठाऊक नसत. १८७१ च्या उन्हाळ्यात त्यांनी शाळाशिक्षकांसाठी काही आठवड्यांचा वर्ग घेतला आणि पुढच्या वर्षी नव्या इमारतीत कायमची प्रयोगशाळा सुरू केली. त्यांची पद्धत साधी होती. प्राणी-वनस्पतींची लांबलचक यादी शिकवायची नाही. मोजके नमुने निवडायचे: किण्व, अमीबा, नेचे, गोड्या पाण्यातला झिंगा, बेडूक. सकाळी व्याख्यानात ज्याचे वर्णन ऐकले, तोच जीव त्याच दिवशी टेबलावर घेऊन स्वतःच्या हाताने उलगडून पाहायचा आणि जे दिसेल तेच वहीत काढायचे. एच. एन. मार्टिन यांच्या साहाय्याने त्यांनी १८७५ साली या पद्धतीचे प्रात्यक्षिक पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या कॉलेजांतून पिढ्यान् पिढ्या अमीबा, हायड्रा, गांडूळ, झुरळ, बेडूक या क्रमाने जे प्राणिशास्त्र शिकवले गेले, त्याचे मूळ या ‘नमुना-पद्धती’त आहे.

सप्टेंबर १८८४ मध्ये वेल्स या प्रयोगशाळेत आला. हक्सले तोवर थकले होते. प्रकृतीमुळे त्यांना त्याच वर्षी रजा घ्यावी लागली आणि १८८५ मध्ये ते निवृत्त झाले. प्रात्यक्षिकांचा भार त्यांचे सहायक जी. बी. हाउज यांच्यावर होता. तरीही हे एक वर्ष आपल्या साऱ्या शिक्षणातले सर्वांत मोलाचे वर्ष होते, असे वेल्सने १९३४ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात नि:संदिग्धपणे नोंदवले आहे. प्राणिशास्त्रात तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला.

मिडहर्स्टला वाचलेल्या पुस्तकांत आणि या टेबलांत नेमका फरक काय होता? बेडकाच्या हृदयाचेच उदाहरण घेऊ. पुस्तक सांगते, हृदयाला तीन कप्पे असतात. आकृतीत एक रक्तवाहिनी तांबडी तर दुसरी निळी रंगवलेली असते. ते पाठ करायला दहा मिनिटे पुरतात. प्रत्यक्ष बेडकात असे रंग कोणी भरून ठेवलेले नसतात. हृदयावर पातळ आवरण असते, ते आधी अलगद कापावे लागते. शिरांतून येणारे रक्त जिथे गोळा होते ती पातळ पिशवी हृदयाच्या मागल्या बाजूला असते. हृदय चिमट्याने हलकेच उचलून उलटे केल्याखेरीज ती दिसत नाही. पुस्तकाच्या आकृतीत ती पिशवी दिसते, कारण कोणीतरी आधी हृदय उलटून पाहिले आहे. ज्याने स्वतः ते उलटले त्याला हे कळते की पुस्तकातल्या प्रत्येक विधानामागे कोणाचा तरी हात आणि कोणाची तरी नजर आहे. आमच्या मते जीवशास्त्राच्या शिक्षणात याहून महत्त्वाचे दुसरे काही नाही.

वर्गात नापास, घरी पास

यापुढची हकीकत मात्र सरळ नाही. दुसऱ्या वर्षी भौतिकशास्त्र आणि तिसऱ्या वर्षी भूशास्त्र असा क्रम होता. या विषयांच्या तासांना वेल्सचे मन रमले नाही. वादविवाद मंडळ, विद्यार्थ्यांचे नियतकालिक, समाजवादी सभा यांत तो गुंतत गेला आणि १८८७ साली भूशास्त्राच्या अंतिम परीक्षेत नापास झाला. पदवी नाही आणि शिष्यवृत्तीही संपली. वेल्स प्रदेशातल्या एका शाळेत त्याने नोकरी धरली. तेथे फुटबॉल खेळताना त्याला पोटात जबर मार बसला आणि नंतर तोंडावाटे रक्त पडू लागले. काही महिने अंथरुणात गेले. १८८९ मध्ये तो लंडनच्या किलबर्न भागातील हेन्ली हाउस स्कूलमध्ये विज्ञान शिकवू लागला. शाळेचे चालक जे. व्ही. मिल्न हे ‘विनी द पू’चे लेखक ए. ए. मिल्न यांचे वडील, आणि छोटा मिल्न वेल्सच्या विद्यार्थ्यांपैकी एक होता.

या काळात त्याने पुन्हा एकट्याने अभ्यास सुरू केला. त्याला हे शक्य झाले ते लंडन विद्यापीठाच्या एका खास व्यवस्थेमुळे. १८३६ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ स्वतः शिकवत नसे, फक्त परीक्षा घेई व पदव्या देई. १८५८ च्या नव्या सनदेने वैद्यक सोडून इतर परीक्षांची दारे कोणालाही खुली झाली. तुम्ही कोणत्या कॉलेजात गेलात, किंबहुना कॉलेजात गेलात की नाही, हे विद्यापीठ विचारत नसे. १८७८ पासून स्त्रियांनाही तेथे पदवी मिळू लागली. दिवसभर नोकरी करणारे शिक्षक आणि कारकून रात्री वाचून बी.एस्सी. होऊ लागले.

१८९० साली वेल्स या वाटेने बी.एस्सी. झाला: प्राणिशास्त्रात प्रथम वर्गाचे ऑनर्स आणि भूशास्त्रात द्वितीय वर्गाचे. नामवंत प्राध्यापकांच्या वर्गात बसून ज्या विषयात तो नापास झाला होता, त्याच विषयात शाळेची नोकरी सांभाळून घरी केलेल्या अभ्यासावर त्याने ऑनर्स मिळवले. म्हणजे वर्गात बसले की विद्या येते असे नाही आणि एकटे वाचले की ती कच्ची राहते असेही नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. १८८४ चा वेल्स आणि १८९० चा वेल्स दोघेही पुस्तकच वाचत होते. फरक एवढाच, की दुसऱ्याने मध्यंतरी हक्सले यांच्या टेबलावर एक वर्ष काढले होते. पुस्तकातले वाक्य कोठून येते हे त्याला आता ठाऊक होते.

टपालाने जीवशास्त्र

लंडन विद्यापीठ शिकवत नाही आणि हजारो लोकांना परीक्षा द्यायची आहे, तेव्हा मधली पोकळी भरायला कोणीतरी पुढे येणारच. १८८७ साली विल्यम ब्रिग्ज यांनी केंब्रिज येथे ‘युनिव्हर्सिटी कॉरस्पॉन्डन्स कॉलेज’ काढले. टपालाने धडे जायचे, विद्यार्थी उत्तरे लिहून पाठवायचे, शिक्षक ती तपासून परत करायचे. जुन्या प्रश्नपत्रिकांचा कसून अभ्यास करून धडे बेतलेले असत. आजच्या शिकवणी-वर्गांचा आणि टेस्ट सिरीजचा हा पूर्वजच म्हणायचा. पदवी मिळाल्यावर वेल्स या संस्थेत जीवशास्त्राचा शिक्षक झाला.

परंतु येथे एक अडचण होती आणि तीच या हकीकतीचा गाभा आहे. लंडन विद्यापीठाच्या जीवशास्त्राच्या परीक्षेत प्रात्यक्षिक होते. परीक्षार्थ्याला परीक्षकांसमोर विच्छेदन करावे लागे आणि सूक्ष्मदर्शकाखालचे छेद ओळखावे लागत. साहजिकच नुसती टिपणे पाठवून भागेना. गावोगावचे विद्यार्थी लंडनला येत आणि वेल्स त्यांच्याकडून थोडक्या दिवसांत ससा, बेडूक, लहान शार्क यांची विच्छेदने करून घेई. हेही एक प्रकारे घोकून घेणेच होते. कोणती विच्छेदने विचारली जाऊ शकतात हे ठरलेले असल्याने तेवढीच घटवली जात, आणि आपण परीक्षेपुरते शिकवतो आहोत याची वेल्सला पुरती जाणीव होती. तरीसुद्धा या विद्यार्थ्यांच्या हातात बेडूक आला होता. मिडहर्स्टच्या संध्याकाळच्या वर्गात तो आला नव्हता. विद्यार्थी तसेच, घाईही तीच. परीक्षा काय मागते एवढेच काय ते बदलले होते.

या अनुभवातून १८९३ साली वेल्सचे पहिले मोठे पुस्तक निघाले, ‘टेक्स्टबुक ऑफ बायॉलॉजी’, दोन भागांत. प्रस्तावना हाउज यांची होती. पहिला भाग सशापासून सुरू होतो, मग बेडूक, मग शार्क आणि मग अँफिऑक्सस. शेवटी भ्रूणाची वाढ आणि उत्क्रांतीचा सिद्धान्त. सोप्या अमीबापासून अवघड सशाकडे जावे असे कोणालाही वाटेल. हक्सले यांच्या १८७५ च्या पुस्तकाचा क्रम तसाच होता. पण १८८८ च्या सुधारित आवृत्तीत तो उलटवण्यात आला आणि वेल्सनेही उलटाच क्रम धरला. यामागचे कारण शिक्षकाला सहज पटेल. एकट्याने शिकणाऱ्याला फुप्फुस, काळीज, आतडे हे शब्द आपल्याच शरीरामुळे माहीत असतात. तेव्हा ओळखीच्या गोष्टीवरून अनोळखीकडे जाणे त्याला बरे पडते. अमीबा रचनेने सोपा खरा, पण तो पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो आणि हे काय आहे ते शेजारी बसून सांगणारा कोणी लागतो. पुस्तकाच्या अखेरीला परीक्षेतले प्रश्न आहेतच, त्याबरोबर प्रात्यक्षिकांची यादी आणि विच्छेदनाच्या आकृत्यांची किल्लीही आहे.

पहिल्या आवृत्तीतल्या आकृत्या वेल्सने स्वतः काढल्या होत्या आणि त्या बेताच्याच होत्या. पुढच्या आवृत्तीसाठी त्या एमी कॅथरिन रॉबिन्स यांनी नव्याने काढल्या. या बाई १८९२ मध्ये वेल्सच्या वर्गात आल्या होत्या. शिक्षिका होण्यासाठी त्यांना बी.एस्सी. व्हायचे होते. १८९५ साली त्यांचा आणि वेल्सचा विवाह झाला. शिक्षकाच्या आकृत्या विद्यार्थिनीने सुधाराव्यात, याहून त्या प्रयोगशाळेचे चांगले प्रशस्तिपत्र कोणते असणार?

१८९३ मध्येच वेल्सला पुन्हा रक्तस्राव झाला, वर्ग घेणे थांबले आणि तो लेखणीवर जगू लागला.

सरकलेली काचपट्टी

लेखक झाल्यावर १८९६ साली त्याने एक लघुकथा प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवरून तिचे नाव पडले आहे. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा हिल हा शिष्यवृत्तीवर साउथ केन्सिंग्टनला जीवशास्त्र शिकतो आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी बसवलेली आहे. विद्यार्थ्यांनी एकेक करून यायचे, दिसेल ते ओळखायचे, पण पट्टी हलवायची नाही. हिलचा हात सवयीने पट्टीला लागतो, ती जराशी सरकते आणि दिसणाऱ्या नव्या भागावरून त्याला वस्तू ओळखता येते. निकाल चांगला लागतो, पण त्याचे मन त्याला खाते. तो प्राध्यापकांकडे जाऊन कबुली देतो आणि त्याला नापास ठरवले जाते.

ही कथा प्रामाणिकपणाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण शिक्षकांनी ती आणखी एका अंगाने वाचावी असे आम्हांला वाटते. संशोधक सूक्ष्मदर्शकापाशी बसतो तेव्हा तो काय करतो? पट्टी सरकवतो. एका जागी दिसलेल्या आकारावर त्याचा विश्वास नसतो. बाजूला काय आहे, खाली काय आहे हे तो पाहतो आणि मग मत बनवतो. हिलच्या हाताला लागलेली सवय ही चांगल्या जीवशास्त्रज्ञाची सवय होती, आणि परीक्षेचा नियम नेमका त्या सवयीविरुद्ध होता. नियम निरर्थक होता असे नाही. सगळ्यांना सारखेच दिसावे म्हणून तो केलेला होता. समान न्याय आणि खरे पाहणे यांची येथे टक्कर होते. मोठ्या संख्येने घेतलेल्या प्रत्येक परीक्षेत ती होते.

आपल्याकडे

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही आपली पहिली विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. स्वतः शिकवायचे नाही, परीक्षा घ्यायची. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तिच्यात उत्तीर्ण झालेल्यांपैकी होते. फरक असा, की आपल्याकडे पदवीसाठी संलग्न कॉलेजात जाणे सक्तीचे राहिले. लंडनने एकट्याने वाचणाऱ्याला जी वाट मोकळी केली होती ती आपल्याकडे आली नाही, पण परीक्षा हेच शिक्षणाचे केंद्र ही कल्पना मात्र पुरती रुजली.

आजची प्रवेशपरीक्षा एका अर्थाने १८५९ च्या त्या इंग्रजी पद्धतीची वारस आहे. तिच्यात उत्तरपत्रिकेला चेहरा नसतो आणि म्हणूनच लहान गावच्या मुलीला ती आपली वाटते. पण २०२५ च्या ‘नीट’मध्ये जीवशास्त्राचे ९० प्रश्न होते आणि प्रत्येकाला चार पर्याय होते. हृदय उलटून पाहिले की नाही हे त्यातल्या एकाही प्रश्नाला विचारता येत नाही. परीक्षा जे विचारत नाही ते एकट्याने वाचणारा करीत नाही. हा त्याचा आळस नव्हे, त्याच्याजवळ वेळ मोजका असतो. मिडहर्स्टच्या मुलानेही तेच केले होते.

तेव्हा जे परीक्षा मागत नाही ते शिक्षकाने मागायला हवे. शाळेत आता बेडूक कापला जात नाही आणि ते योग्यच आहे. पाहण्यासारखे तरी पुष्कळ उरते. जास्वंदीच्या फुलाचा अंडाशय ब्लेडने आडवा कापला की पाच कप्पे नुसत्या भिंगाने दिसतात. ऱ्होइओच्या पानाची खालची साल सोलून पाण्याच्या थेंबात ठेवली तर शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून पर्णरंध्रे दिसतात. खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे हृदय उभे कापले तर डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा किती जाड आहे ते बोटांना कळते, आणि ‘का’ हा प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारतो. बाजारातून आणलेल्या मासळीचे कल्ले, भिजवलेला वाल, पावाच्या तुकड्यावरची बुरशी, यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही. आठवड्याला एक वस्तू आणि वहीत तिची एक आकृती, पुस्तकातून न उतरवलेली, एवढा नियम एकट्याने वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाही पाळता येतो. आकृती पुस्तकाशी जुळली नाही तर शिक्षकाने ती चुकीची म्हणण्याची घाई करू नये. आधी त्याच्याबरोबर ती वस्तू पुन्हा एकदा पाहावी.

वेल्सची हकीकत पुढेही या विषयापाशी येत राहिली. १९२९-३० मध्ये त्याने आपला मुलगा जी. पी. वेल्स आणि हक्सले यांचे नातू ज्युलियन हक्सले यांच्याबरोबर ‘द सायन्स ऑफ लाइफ’ हा मोठा ग्रंथ लिहिला. तो कोणत्याही परीक्षेसाठी नव्हता. १९४३ साली, शहात्तराव्या वर्षी, त्याने लंडन विद्यापीठाकडून डी.एस्सी. मिळवली. तीन वर्षांनी, १३ ऑगस्ट १९४६ रोजी, त्याचे निधन झाले.

एकट्याने वाचून जमेल का, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही ‘हो’ म्हणू. परीक्षा जमेल, असे पुष्कळांना जमलेले आहे. मात्र आठवड्यातून एकदा पुस्तक मिटून एखादे फूल, एखादे पान हाती घे आणि काय दिसते ते मला येऊन दाखव, असेही त्याला सांगू. त्या दिवशी प्रयोगशाळेचे कुलूप उघडे ठेवणे हे आपले काम.